समासातला अंगठा

ज्या महिन्यात मला माझ्या दहा बोटांचे ठसे कुवेत सरकारला द्यायचे होते, त्याच्या आधीच्या तीन महिन्यांत मी ते अ‍ॅसिडमध्ये घालवून बसलो होतो.

अपघात वगैरे काही नाही. रोज थोडे थोडे, संध्याकाळचा चहा झाला की बाल्कनीत बसून, आवडीनं.

त्यात माझा धंदा असा की हसावं की रडावं कळू नये. मी गंज बघणारा इंजिनिअर. रिफायनरीतल्या पाइपांना काय खातंय, किती खाल्लंय आणि आणखी किती दिवस निघतील, हे सांगण्याचा मला पगार मिळायचा. अ‍ॅसिडजवळ हातमोज्यांशिवाय कुणी दिसला की मी त्याला कामावरून परत पाठवायचो. एका फिटरला तर मी भर उन्हात उभं करून माणसाच्या कातडीवर अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. हा फिटर पुढं पुन्हा येणार आहे.

मी मूळचा नाशिकचा. आखाती युद्ध संपलं, जळत्या तेलविहिरी विझल्या आणि मोडलेलं सगळं दुरुस्त करायला जी माणसं कुवेतमध्ये उतरली, त्यांतला एक. तेव्हा सगळीच घाई. माणूस आधी, कागद मागाहून. माझ्या बोटांचे ठसे त्या वेळी कुणी घेतलेच नाहीत. पुढं पंधराएक वर्षं त्याच कंपनीत इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढत गेला आणि ठशांचा विषय निघाला नाही. पत्नी आली, मुलगी इथल्याच भारतीय शाळेत पहिलीत बसली आणि बघता बघता बारावीला पोचली. फिंतासला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. हमरस्त्यापलीकडे एगैलाला तेव्हा नुसती वाळू आणि क्रेन.

शुक्रवारच्या बाजारात जुनं सामान विकायला येतं. देश सोडून जाणाऱ्या कुणातरी गोऱ्या माणसाचं घरच्या घर तिथं वाळूवर मांडलेलं होतं: दिवे, चपला, कुत्र्याची टोपली. त्यात एक जाडजूड पुस्तक. जुन्या युरोपातल्या चित्रकारांनी तांब्याच्या पत्र्यावर रेघा पाडून कागदावर छापलेली चित्रं. मी पानं उलटत गेलो आणि एका माणसापाशी थबकलो. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा कुणी डच. त्यानं दुसरं गिऱ्हाईक नसल्यासारखं स्वतःचाच चेहरा पुन्हा पुन्हा काढला होता. चित्रं लहान, काही तर हातातल्या मोबाइलपेक्षाही लहान. एकात डोळे वटारलेले. एकात दात विचकलेले. एकात तोंडाचा चंबू करून दचकलेला, वर वेडीवाकडी टोपी. मग हळूहळू म्हातारा होत गेलेला. शेवटी खिडकीपाशी बसून काहीतरी रेखाटताना, समोर बघतोय. आव नाही, कपडे साधे, गाल ओघळलेले.

पुस्तकात कृती दिली होती. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. त्यावर सुईनं चित्र काढायचं, म्हणजे तेवढ्या रेघांपुरतं तांबं उघडं पडतं. मग पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा. उघडं तांबं खाल्लं जातं, चर पडतात. मेण काढून चरांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद दाबून ठसा काढायचा. मी वाचलं आणि वाळूतच मांडी घातली. हा तर माझा भाऊबंद! मी जन्मभर गंजाशी भांडतोय आणि हा माणूस गंजाकडून स्वतःचं थोबाड काढून घेतोय.

पुस्तक घेतलं. सुईसाठी पत्नीच्या शिवणाच्या डब्याला हात घातला. अ‍ॅसिड वर्कशॉपमधून एका बाटलीत आणलं. कसं आणलं ते विचारू नका. पत्रा म्हणून स्टेनलेस स्टीलचा चकचकीत तुकडा निवडला. दोन संध्याकाळी खपून त्यावर माझा दचकलेला चेहरा काढला, नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवला आणि वाट बघत बसलो. एक तास झाला. दोन झाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तरी पत्र्याला काही झालं नव्हतं. स्टेनलेस स्टीलला नायट्रिक खात नाही. ते माझ्या ओळखीतल्या कुठल्याही शिकाऊ इंजिनिअरनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. मीच तो प्रश्न मुलाखतीत विचारायचो.

मग जुन्या अर्थिंगच्या तांब्याच्या प्लेटचा तुकडा आणला आणि काम सुरू झालं. पत्रा अ‍ॅसिडमध्ये असताना रेघांवर बारीक बुडबुडे धरतात; ते पक्ष्याच्या पिसानं हळूच बाजूला सारावेत, असं पुस्तकात होतं. पिसाशिवाय माझं काही अडलं नाही. पाणी भरपूर घातलंय, पातळ आहे, काय होतंय, असं म्हणून मी बोटंच फिरवू लागलो. आता सांगायला लाज वाटते. ज्या वाळूवर मी पुस्तक घेतलं, तिथून वीस पावलांवर पोपट आणि कबुतरं विकणाऱ्यांची रांग होती. पिसं तिथं उडत होती. माझ्या चपलेला चिकटून एक घरीही आलं असावं.

बोटं आधी पिवळी झाली. मग चरचरली. मग साल निघू लागली. मी घरी सांगितलं, कोरडी हवा.

चेहऱ्याचं काम न्हाणीघरातल्या आरशासमोर चालायचं. दार उघडं, हातात पत्रा आणि सुई, आणि मी डोळे वटारतोय, दात विचकतोय, रागावतोय, हसतोय. मुलगी जाता-येता बघायची.

"आई, बाबा इज डुइंग इट अगेन."

"करू दे गं," आतून पत्नीचा आवाज. "निदान गप्प तरी आहेत."

मी गप्प होतो, आणि त्याचं खरं कारण त्या दोघींना माहीत नव्हतं. नोव्हेंबरात कंपनीचं पत्र आलं होतं. कंत्राट फेब्रुवारीअखेर संपतंय, पुढं जागा नाही. माझा इकामा संपला की त्या दोघींचाही संपणार, कारण त्यांचे परवाने माझ्यावर टांगलेले. आणि मुलीची बोर्डाची परीक्षा मार्चच्या पहिल्या आठवड्यात. परीक्षेचं केंद्र कुवेतचं, नाव कुवेतच्या शाळेतून गेलेलं; ऐन वेळी नाशिकला जाऊन बसता येणार नव्हतं. वर्ष जाणार. हे सगळं मी पत्र घडी करून खिशात ठेवतानाच मोजलं होतं. घरी आलो, चहा घेतला आणि बाल्कनीत जाऊन बोटं बुडवली. टाकीची भिंत किती उरलीय ते न घाबरता तोंडावर सांगणारा मी, पण हे सांगायला माझी जीभ उचलेना.

छापायचं कसं हा वेगळाच तमाशा. आधी पोळपाटावर ठेवून लाटण्यानं दाबलं. कागदावर माझ्याऐवजी एक करडा ढग आला आणि पोळपाटाला शाई लागली ती कायमची. मग पत्रा वर्कशॉपात नेऊन शीट वळवायच्या यंत्रात घातला. ते यंत्र पत्र्याला गोलाई देण्यासाठीच असतं. त्यानं इमानदारीत गोलाई दिली. माझा चेहरा पन्हळीसारखा वळून बाहेर आला. तो फिटर, उन्हात उभा केलेला, बाजूला उभं राहून हे बघत होता. चार दिवसांनी त्यानं भंगारातल्या दोन पाइपांचे रूळ करून, बेअरिंगं बसवून, हँडल लावून एक छोटा दाबयंत्राचा सांगाडा माझ्या टेबलावर आणून ठेवला. माझ्या पिवळ्या बोटांकडे बघितलं. यंत्रावर नव्या हातमोज्यांचा एक जोड ठेवून निघून गेला.

त्या हातमोज्यांनी मी रूळ पुसले.

यंत्र घरी बाल्कनीत आणलं आणि ठसे काढायचं मला वेड लागलं. त्या डच माणसाचं असं होतं की तो एक ठसा काढायचा, बघायचा, पुन्हा त्याच पत्र्यावर चार रेघा वाढवायचा, पुन्हा ठसा काढायचा. एकाच चेहऱ्याच्या पाच-सहा अवस्था. मीही तेच करू लागलो आणि प्रत्येक ठशाखाली पेन्सिलीनं तारीख घालू लागलो. माझी छपाई घाणेरडी. शाई पुसायची शेवटची पायरी तळहातानंच करतात म्हणून हात कोपरापर्यंत काळे, आणि कागद उचलताना समासात माझ्या अंगठ्याचे डाग उठायचे. किती जपलं तरी उठायचे. चांगल्या छपाईत समास पांढराशुभ्र हवा. त्या डागांची मला फार शरम वाटायची; चौकटीत घातला तर झाकेल, असं स्वतःला सांगायचो.

डिसेंबरात एका संध्याकाळी मी तोंड वेडंवाकडं न करता चेहरा काढला. मुद्दाम नाही, मन थाऱ्यावर नव्हतं, सोंग आणायचं राहून गेलं. पत्रा खाल्ला गेला, शाई भरली, ठसा काढला. कागद उलटून बघितला तर समोर कुणी भलताच माणूस.

इथं थोडं समजावून सांगतो. आरशात बघून पत्र्यावर काढलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. छापताना ते पुन्हा उलटतं, म्हणजे सुलटं होतं. आपण जन्मभर स्वतःला आरशातच बघितलेलं. छापलेल्या ठशात आपण लोकांना जसे दिसतो तसे दिसतो. भांग भलत्या बाजूला, नाकाचा कल भलतीकडे. मला तो माणूस ओळखू येईना. मी तो कागद वाळायला दोरीवर लावला आणि हात धुवायला गेलो.

परत आलो तर पत्नी दोरीसमोर उभी. हातात धुतलेल्या कपड्यांची बादली.

"कुणासारखा झालाय गं? नीट जमला नाही," मी म्हणालो.

"तुम्हीच आहात. महिनाभर ऑफिसातून येऊन दारात चपला काढताना असेच दिसता."

"काहीतरीच."

ती ठशाच्या आणखी जवळ गेली. मग बादली खाली ठेवली.

"अहो, नोकरीचं काय झालं?"

मी खिशातून पत्र काढून दिलं. तिनं वाचलं, तारीख पुन्हा वाचली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तिच्या परीक्षेआधी आठ दिवस," एवढंच म्हणाली आणि त्याच दोरीवर, माझ्या चेहऱ्याशेजारी, मुलीचा युनिफॉर्म वाळत घातला.

त्यानंतर मी जोर लावला. दिसेल त्याला फोन केले. जानेवारीत मिरकाबमधल्या एका कंपनीनं होकार दिला. आमच्या घरात त्या दिवशी शिरा झाला. मुलीला तेव्हा सगळं सांगितलं: धोका होता, टळला. ती म्हणाली, "ओके," आणि पुन्हा पुस्तकात गेली. आणि मी, आता काळजी मिटली म्हणून, दुप्पट उत्साहानं बाल्कनीत. जानेवारीतले माझे ठसे कलेच्या दृष्टीनं चांगले आहेत. बोटांच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट.

नव्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदांसाठी हेलपाटे घालणारा माणूस, रत्नागिरीकडचा निघाला. पंचवीस वर्षं कुवेतमध्ये, अरबी पाण्यासारखं. फाइल चाळून तो म्हणाला, "साहेब, तुमचा बसमा कुठंच दिसत नाय. बोटांचे ठसे हो. आता नवीन लागंल. पाच मिन्टांचं काम, घाबरू नका."

मी कशाला घाबरतोय! ठसे घेणाऱ्या ऑफिसात शिरलो आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. शाईची काच, लहान रूळ, जाड कागद. इतके महिने माझ्याशिवाय हे काम करणारा माणूस मला भेटला नव्हता. कारकून माझं बोट शाईवर फिरवू लागला तसा मी त्याला मोडक्यातोडक्या अरबीत आणि खाणाखुणांनी सांगू लागलो की शाई जरा जाड झालीय, रूळ आडवा-उभा दोन्हीकडून फिरवावा, म्हणजे थर सारखा बसतो. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग कागदाकडे बघितलं. मग पुन्हा माझं बोट दाबलं. पुन्हा.

दोन्ही करंगळ्या नीट उठल्या. बाकी आठ जागी आठ काळे वाटाणे. एक रेघ नाही.

त्यानं माझा हात उलटा करून दिव्याखाली धरला. बोटांची टोकं गुळगुळीत, पिवळट, चकाकणारी. करंगळ्या तेवढ्या वाचल्या होत्या, कारण कपबशीतून चहा पितात तशा त्या मी अ‍ॅसिडमधून वर उचलून धरायचो. कारकुनानं फाइल बंद केली आणि पलीकडच्या खोलीत गेला. मंदूबचा चेहरा उतरला.

"काय ओ साहेब, हे काय करून ठेवलात?"

"का? काय झालं?"

"अवो, देशाबाहेर काढलेली माणसं दुसऱ्या नावानं परत येतात ना, ती बोटं अशी घासून येतात. ह्यांना तुमी तसलेच वाटताय."

आतून निरोप आला: दहा दिवसांनी या. मंदूबनं परतीच्या वाटेत गाडीत हिशेब मांडला. फेब्रुवारी लागलेला. दहा दिवसांनी जमलं तर महिनाअखेर इकामा लागेल. नाही जमलं तर तिघांनाही जावं लागेल.

घरी सांगितलं तेव्हा जेवायची वेळ होती. पत्नीनं माझे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेतले, एकेक बोट बघितलं. मग उठली, बाल्कनीतली बाटली, पत्रे, सुया, शाई एका खोक्यात भरली आणि वर चिकटपट्टी मारली. मुलगी बघत होती.

"इफ वी हॅव टू गो, जस्ट टेल मी नाउ. मग मी फिजिक्स करत नाही बसणार."

"काही होत नाही गं. बोटं भरून येतात."

"यू सेड दॅट लास्ट टाइम आल्सो. बाबा, पाइपबद्दल पण तुम्ही लोकांना असंच सांगता?"

तिनं ताट तसंच ठेवलं आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही. हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर मी ओरडलो असतो आणि जरा मोकळं वाटलं असतं.

पुढचे दहा दिवस माझी बोटं या घरातली सगळ्यात मोठी माणसं होती. रोज साजूक तूप चोळून, वर मुलीचे शाळेच्या संचलनातले पांढरे हातमोजे. ऑफिसात तसाच जायचो. लोकांना वाटलं, साहेब शेवटच्या महिन्यात शिस्तीला लागले. भांडी नाही, साबण नाही, लिंबू तर नाहीच. माझ्या शर्टाची बटणं पत्नी लावायची. ती बटणं लावताना माझ्या तोंडाकडे बघायची नाही. मुलगी समोरच्या टेबलावर अभ्यासाला बसायची आणि मी पांढरे हात मांडीवर ठेवून तिच्यासमोर बसायचो. पान उलटताना तिच्या बोटाला थुंकी लावायची सवय आहे, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या खेपेला निघताना मंदूबनं पढवलं. "हे बघा साहेब, विचारलंन तर सांगा, घरात सिमेंटचं काम केलं. चुना लागला. बास. चित्राचं काय बोलू नका."

आठांतली चार बोटं उठली, अर्धवट. अंगठे नाहीतच. या वेळी थेट आतल्या खोलीत, अधिकाऱ्यासमोर. पोक्त माणूस, चष्मा, टेबलावर मोठं भिंग. त्यानं विचारलं, आणि सिमेंट म्हणायचं असताना मी काय सांगावं? सगळं खरं सांगितलं. पत्रा, मेण, अ‍ॅसिड, आरसा. मंदूब डोळे मिटून एकेक वाक्य अरबीत करत होता, जणू स्वतःचाच गुन्हा कबूल करतोय.

अधिकारी ऐकून घेऊन काहीतरी म्हणाला. मंदूबनं सांगितलं, "विचारतोय, इंजिनिअर ना तुमी? मग सोताचा चेहरा पायजे तर फोटोवाल्याकडं का नाय गेलात?"

"सांगा, ती वेगळी गोष्ट आहे."

"मी नाय सांगनार. तुमीच सांगा."

अधिकाऱ्यानं चष्मा वर केला. दाखव म्हणाला. उद्या सकाळी घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी मी बावीस चेहरे घेऊन गेलो. खरं सांगतो, भीती होतीच, पण मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटत होतं. माझं काम प्रथमच कुणी मागवलं होतं. मी चेहरे तारखेप्रमाणे टेबलावर मांडून दिले: वटारलेला, विचकलेला, दचकलेला, आणि शेवटी तो, दोरीवरचा. त्यानं भिंग उचललं. वाकला. तो एका चित्रावर बराच वेळ होता, मग दुसऱ्यावर गेला, मग परत पहिल्यावर. मंदूबनं मला कोपरानं ढोसलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. भिंग चेहऱ्यांवर नव्हतंच. तो समास बघत होता.

नोव्हेंबरच्या ठशांवर माझा अंगठा स्वच्छ उठलेला, एकेक रेघ मोजावी असा. डिसेंबरात रेघा तुटत चाललेल्या. जानेवारीत नुसता काळा वाटाणा. माझे ठसे कसे गेले याची तारीखवार नोंद माझ्याच घाणेरड्या हातांनी करून ठेवलेली होती. पहिल्या कागदावर एका कोपऱ्यात करंगळीचा डाग होता. तो त्यानं फाइलमधल्या करंगळीशी ताडून पाहिला. दोनदा. मग खुर्चीत मागं टेकला आणि पहिल्यांदाच हसला. हा माणूस बोटं घासून आलेला जुना गुन्हेगार नाही, तीन महिन्यांपूर्वीपर्यंत याला बोटं होती, एवढं त्याला पटलं.

त्यानं कात्री काढली. नोव्हेंबरच्या तीन कागदांचे समास कापले, फाइलला टाचले, आणि उरलेले चेहरे माझ्याकडे सरकवले.

"काय म्हणतोय?" मी मंदूबला विचारलं.

"म्हनतोय, हे नको. घेऊन जा. दोन आठवड्यांनी या, आनि तोवर तुमी चित्र काढायचं नाय."

दोन आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या अगदी शेवटी, दहाच्या दहा उठली. मी कारकुनाला शाईबद्दल अवाक्षर बोललो नाही. मंदूबनं धावपळ करून इकाम्याचे शिक्के तिन्ही पासपोर्टांवर आणले, परीक्षेला आठवडा असताना. त्यानं पासपोर्ट माझ्या हातात न देता सरळ पत्नीच्या हातात दिले.

ते खोकं आजही चिकटपट्टीसकट आमच्याकडे आहे. समास कापलेले तीन चेहरे मी चौकटीत घातलेत. कापताना अधिकाऱ्यानं एकाचा कानही थोडा नेला. डच माणसाचं पुस्तकही आहे. त्याचं ते खिडकीजवळचं चित्र आता मी पूर्वीपेक्षा जास्त वेळ बघतो. त्यानं सोंगं का सोडली असावीत, ते थोडं कळतं. पूर्ण कळतं असं म्हणणार नाही.

पहिल्या पेपरच्या सकाळी मुलगी दारात उभी होती. युनिफॉर्मला कडक इस्त्री, हातात पारदर्शक पाउच, त्यात पेनं आणि वर दिसेलसं ठेवलेलं हॉल तिकीट. रात्री तिला झोप लागली नव्हती. गेल्या महिन्यात कुणालाच नीट लागली नव्हती. तिनं आईला नमस्कार केला. मला केला. मला काहीतरी म्हणायचं होतं, जे गेले चार महिने राहून गेलं होतं. त्याऐवजी मी तिचं पाउच धरायला हात पुढं केला.

ती एक पाऊल मागं सरकली.

"नो, बाबा. तुम्ही हॉल तिकिटाला हात लावायचा नाही."